कंट्रोलर साहेबांचं बोलावणं

बुलडाण्याच्या विसावा कॉलनीत चिंतामणरावांना त्यांच्या नावानं ओळखणारा माणूस एकच, तो म्हणजे पोस्टमन. बाकी लहानथोर सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणतात. उभी नोकरी त्यांनी एसटीत काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं बसस्थानकाच्या त्या जाळीच्या खिडकीमागं माईकसमोर बसून. "मोताळा मार्गे मलकापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं असेल की झोपेतून उठवलं तरी त्यांच्या तोंडून तेच निघायचं. आवाजही तसाच. दमदार, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. घरातसुद्धा चहाला वेळ झाला की ते स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारत, "अवं, चहा आज किती लेट हाय?"

असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नच असतो. शाल मिळाली, नारळ मिळाला, घड्याळ मिळालं. ऐकणारं माणूस मात्र कोणी दिलं नाही. घरी दोघंच. मुलगी आरोही पुण्याला नोकरीत. बायको प्रतिमाताई दुपारची कामं आटोपून मोबाईल घेऊन बसायच्या आणि जन्मात कधी करणार नाहीत अशा भाज्या कशा करायच्या ते तासन् तास बघत राहायच्या. चिंतामणराव शेजारच्या खुर्चीत आपला मोबाईल घेऊन बसायचे आणि कोणी तरी पाठवलेली सुविचारांची फुलं पुढं ढकलायचे. सकाळी दोघं एकमेकांना शुभ सकाळ पाठवत, तीही आरोहीच्या ग्रुपवर, आणि मध्ये फक्त एक स्टूल असे. भांडण नाही, तंटा नाही. पण घर मुकं झालं होतं, आणि ज्याचा जन्म बोलण्यात गेला त्याला ते खायला उठायचं.

गेल्या हिवाळ्यात दोघं पुण्याला गेली. आरोही एका रविवारी त्यांना एका ठिकाणी घेऊन गेली. तिथं म्हणे मोबाईल दाराशी ठेवायचा आणि आत जाऊन आपला छंद करायचा. कोणी चित्रं काढतंय, कोणी मातीचे वाडगे करतंय, कोणी विणतंय, कोणी नुसतंच खिडकीशी बसलंय. त्याला तिकीट होतं. निवांत बसायलासुद्धा तिकीट काढावं लागतं हे ऐकून चिंतामणराव एवढे थक्क झाले की त्यांनी ते तिकीट खिशात जपून ठेवलं, बुलडाण्याला दाखवायला.

आत एका कोपऱ्यात सारीपाट मांडला होता. चार तरुण मंडळी हातात कवड्या घेऊन बसली होती आणि सोंगटी कुठून कुठं न्यायची ते त्यांना उमगत नव्हतं. प्रतिमाताई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग न राहवून खाली बसल्या. त्यांचं माहेर लोणारचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणी-बहिणींनी दुपार दुपार सारीपाट खेळलेला. पहिल्याच फेरीत त्यांनी समोरच्या पोराची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली आणि मोठ्यानं हसल्या. चिंतामणराव दचकलेच. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं, पण ते कितीक वर्षांत ऐकलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ते शेजारच्या दोन घरांपर्यंत जायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, सूनबाई जरा हळू.

तेवढ्यात त्या जागेचा चालक आल्हाद नावाचा दाढीवाला मुलगा लगबगीनं आला. चांगला होता बिचारा, पण ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, इथं शांतता पाळायची असते." प्रतिमाताईंनी तोंडाला पदर लावला. पुढचा सगळा डाव त्या गप्प खेळल्या.

चिंतामणरावांना राग आला. आल्हादचा नाही, स्वतःचा. आपल्या घरात पूर्ण मोकळीक असून ही हसत नाही, आणि इथं तिकीट काढून हसली तर गप्प करतात. परतीच्या गाडीत सिंदखेडराजा मागं पडेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं. अशी जागा बुलडाण्याला काढायची, आणि तिथं प्रतिमाला मनमुराद हसू द्यायचं. आता हे तिच्यासाठी करतोय हे तिला सांगायला काय हरकत होती? पण त्या वयाच्या नवऱ्यांना असलं काही बोलायची सवय नसते. बोललं तर बायको कपाळाला हात लावून ताप पाहील, अशी धास्ती. म्हणून त्यांनी तिला अवाक्षर सांगितलं नाही.

कॉलनीचं समाजमंदिर वर्षातून दोनदा उघडायचं, गणपतीला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. किल्ली कॉलनीचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्याकडं. हे मूळचे बीबी गावचे. शेती मुलाच्या हवाली करून बायको पुष्पाबाईंना घेऊन इथं बंगला बांधून राहिलेले, आणि आल्यापासून करमत नाही म्हणून कुरकुरणारे. चिंतामणरावांनी खिशातलं तिकीट दाखवून सगळी हकिकत सांगितली.

"म्हंजे बसाचं, खेयाचं, गोष्टी कराच्या, अन् मोबाईल नाही?" अर्जुनराव म्हणाले. "अन् त्याचे पैसे घेतात? आमी बीबीले पारावर जलमभर फुकट बसलो ना बाप्पा!"

किल्ली मात्र लगेच दिली.

चिंतामणरावांनी एकट्यानं खोली झाडली, जाळी काढली, सतरंज्या उन्हात टाकल्या. कॅरम आणला. रंगराव म्हणून निवृत्त मास्तर होते, त्यांची धूळ खात पडलेली बाजाची पेटी मागून घेतली. चहासाठी कोपऱ्यात शेगडी ठेवली. मोबाईल ठेवायला दाराशी दुरडी. आणि शिंप्याकडून लाल कापडाचा सारीपाट शिवून घेतला. शिंप्यानं तीनदा विचारलं, "साहेब, हा उशीचा अभ्रा व्हय का?" सोंगट्या, कवड्या सगळं जमवलं. मग कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला की सोमवारपासून रोज संध्याकाळी सर्वांनी समाजमंदिरात यावं, मोबाईल विसरून निवांत बसावं. मोबाईल सोडायचं आमंत्रण मोबाईलवरूनच दिलं, पण आजकाल दुसरं करायचं काय? उत्तरादाखल अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. चिंतामणराव खूष झाले.

सोमवारी ते नवा सदरा घालून निघाले. "मी समाजमंदिरात चाललो," असं दारातून म्हणाले. प्रतिमाताई म्हणाल्या, "जा."

आणि कोणी आलं नाही.

मंगळवारी नाही, बुधवारी नाही. चिंतामणराव एकटेच कॅरमच्या दोन्ही बाजूंनी खेळत बसले, आणि त्यातही हरले. समोरच्या बंगल्यात पडदा हलायचा, कोणी तरी डोकावून जायचं, पण पाऊल कोणाचं पडायचं नाही. बुलडाण्याच्या माणसांना रसच नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. पुण्याच्या लोकांना तिकीट काढून यावंसं वाटतं, आणि आमच्या लोकांना फुकट चहासाठीसुद्धा उठवत नाही! गुरुवारी ते कुलूप लावून किल्ली परत करायला अर्जुनरावांकडं गेले.

दार पुष्पाबाईंनी उघडलं. इस्तरीची साडी, केसांत फूल. मागं अर्जुनराव कोटटोपीत सोफ्यावर ताठ बसलेले.

"कुठं गावाला निघाले काय?" चिंतामणरावांनी विचारलं.

"गावाले कायले जातो भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमच्याच खोलीत याले बसलो हाओ. सोमवारपासून रोज तयार होऊन बसतो. तुमचं बोलावणं कुठं येते!"

"मेसेज केला होता ना!"

"थे तं आवतन झालं. बोलावणं येगळं."

चिंतामणराव दारातच उभे राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. परगावच्या माणसाकडून ही चूक झाली असती तर गोष्ट निराळी. पण हे तर इथलेच. आपल्याकडं कार्य असलं की सकाळी आवतन जातं, आणि पानं मांडून झाली की एक माणूस पुन्हा घरोघर जातो, "चला हो, जेवायला चला." हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय शहाणासुरता माणूस घराबाहेर पडत नाही. आपण होऊन गेलं तर हावरट दिसतो. चिंतामणरावांचे सख्खे मामा मोताळ्याच्या एका लग्नात मांडवापासून दोन घरांवर उपाशी बसून राहिले होते, कारण बोलावणाऱ्याच्या ध्यानातून त्यांचं दार निसटलं. पुढं कित्येक दिवाळ्या त्या घराशी अबोला होता. हे सगळं ठाऊक असलेला माणूस अंगठ्यांवर भुलला! आणि इकडं आख्खी कॉलनी कपडे करून, एकमेकांच्या दाराकडं डोळे लावून, आपापल्या सोफ्यावर ताटकळत होती.

"चला," चिंतामणराव म्हणाले.

"आता कसं बोलले!" म्हणत अर्जुनराव उठले सुद्धा.

त्या संध्याकाळपासून कंट्रोलर साहेबांच्या आवाजाला काम मिळालं. पाच वाजले की ते कॉलनीच्या टोकाला उभे राहत आणि फाटकाफाटकाशी थांबून पुकारा करत. "रंगराव मास्तर, चला हो, पेटी वाट पाहून राह्यली!" "अर्जुनराव, कॅरम मांडला, चला!" माईक नव्हता, पण त्याची उणीव कोणाला जाणवली नाही. चिखली रोडवरून जाणारे लोकही थबकून बघत. दारं उघडत, चपला वाजत, आणि समाजमंदिर भरून जाई.

पुण्याच्या त्या जागेची सर काही त्याला आली नाही, आणि देवाची कृपा की आली नाही. अर्जुनराव सोंगट्या मारताना आरडाओरडा करत आणि हाताच्या कडेनं सोंगटी हळूच जाळीकडं सरकवत. पकडलं की म्हणत, "कॅरमच उताराचा हाय, मी काय करू?" रंगराव मास्तरांना पेटीवर एकच चाल येत होती, ती ते भजनालाही वाजवत आणि लावणीलाही. बायका गोल करून गोधड्या शिवत, आणि गोधडीत टाके कमी, गोष्टी जास्त. निवांतपणा म्हणजे शांतता, असं ज्यानं कोणी ठरवलं असेल त्यानं वऱ्हाडात एक संध्याकाळ काढलेली नाही. इथं माणूस गलक्यातच निवांत होतो. घाई मात्र कोणालाच नसे. मोबाईल दुरडीत पडल्या पडल्या वाजायचे, आणि कोणी उठायचं नाही.

सगळे आले. एक प्रतिमाताई आल्या नाहीत.

पहिल्या दिवशी चिंतामणरावांना वाटलं, येईल उद्या. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आडून आडून म्हटलं, "लय गर्दी होती आज." त्या म्हणाल्या, "हाव का? चांगलं झालं." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुष्पाबाई म्हणत होत्या, सारीपाट कोणाला येत नाही." त्या म्हणाल्या, "शिका म्हणा." नंतर कधी डोकं दुखत होतं, कधी नळ येणार होते. लाल पट कोपऱ्यात घडी करून तसाच पडलेला. चिंतामणराव हसत खेळत घरोघर पुकारत फिरायचे, पण खोलीत शिरले की त्यांची नजर आधी त्या घडीकडं जायची आणि जीव खट्टू व्हायचा. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिला मोबाईलच प्यारा. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. रंगरावांनी एकदा विचारलंही, "वहिनी काऊन येत नाहीत?" तेव्हा ते म्हणाले, "तिले नाही आवडत असलं," आणि विषय बदलला.

एका संध्याकाळी खेळ रंगात आला असताना कॅरमची पावडर संपली. डबा घरी होता, म्हणून चिंतामणराव मध्येच उठून घरी आले. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि ते थबकले.

प्रतिमाताई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. जांभळ्या काठांची, बाहेर जायची साडी. केस विंचरून नीट बांधलेले. मांडीवर छोटी पिशवी, तिच्यातून चष्म्याचं घर दिसत होतं. मोबाईल टीव्हीवर पालथा ठेवलेला. टीव्ही बंद. तोंड दाराकडं.

"कुठं चालली?" चिंतामणरावांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मंग अशी तयार होऊन?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "रोजच बसते मी अशी. तुमचा आवाज ऐकू येते. शेजारच्या जोशीबाईच्या दाराशी येते, अन् आपलं फाटक सोडून पुढच्या दाराशी जाते."

चिंतामणराव गोंधळले. "अवं, पण घरच्या माणसाले कोणी बोलावणं देते का?"

"घरची हाओ मी?" प्रतिमाताई उठून उभ्या राहिल्या. "घरची हाओ तं खोली झाडाले काऊन नाही नेलं? सतरंज्या झटकल्या, पट शिवून आणला, साऱ्या कॉलनीले सांगतलं, मले एका शब्दानं इचारलं नाही. अन् पाव्हणी असंन, तं बाकीच्याइले बोलावलं तसं मलेही बोलावाले पाह्यजे. दोन्हीतली मी कोन हाओ, थे तं सांगा!"

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ते खाली बसले, आणि इतके दिवस धाकानं गिळून ठेवलेलं एकदाचं बोलून गेले. "तुह्यासाठीच केलं हे सारं. पुण्याले तू हासली व्हती. थे पुन्हा ऐकाचं व्हतं मले."

प्रतिमाताईंचे डोळे भरले. पण त्या काही लगेच विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मंग आधी बोलावा," त्या म्हणाल्या. "रीतीनं."

चिंतामणराव उठले. बाहेर गेले, फाटक लावून घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आता खरी पंचाईत होती. इतर घरांशी ते पुरुषांच्या नावानं पुकारत. इथं कोणाचं नाव घ्यायचं? लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा त्यांनी बायकोचं नाव उखाण्यात घेतलं होतं, तेही मान खाली घालून. त्यानंतर चारचौघांत कधीच नाही. घरातही अवं, आणि फार झालं तर आरोहीची आई. त्यांनी घसा साफ केला. सदरा सारखा केला.

"प्रतिमाबाई!" ते पुकारले. "पट मांडून राह्यलो, चला हो! मंडळी खोळंबली!"

हा पुकारा समाजमंदिरापर्यंत गेला. पेटी थांबली. अर्जुनराव हातात स्ट्रायकर घेऊन बाहेर आले, त्यांच्यामागं पुष्पाबाई सुईदोऱ्यासकट, त्यांच्यामागं बाकीची कॉलनी. कंट्रोलर साहेब स्वतःच्याच बंद फाटकासमोर उभे राहून स्वतःच्याच बायकोला हाका मारत होते.

आतून आवाज आला, "हाव, व्हा पुढं तुमी, येतेच."

म्हणजे रीत चालू होती. पहिल्या हाकेला भलं माणूस उठत नसतं. "आता पुढं नका जाऊ साहेब," पुष्पाबाई तिथूनच म्हणाल्या, "आनखी एकदा!"

"प्रतिमाबाई!" चिंतामणरावांचा आवाज आता मोकळा झाला होता, आणि लाज कुठल्या कुठं गेली होती. "तुमच्याबगर डाव मांडत नाही! चला!"

दार उघडलं. प्रतिमाताई पिशवी घेऊन बाहेर आल्या, सावकाश कडी लावली, कुलूप ओढून पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इतक्या मोठ्यानं वरडाचं काय काम व्हतं?" पण चेहरा लाल झालेला, आणि तो लपवावा असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. दोघं बरोबर चालत समाजमंदिरात आली.

लाल पटाची घडी त्यांनी स्वतः उलगडली. हात फिरवून सुरकुत्या काढल्या. पुष्पाबाई समोर बसल्या, रंगराव मास्तर बसले. चिंतामणराव कॅरमकडं वळत होते, तेवढ्यात प्रतिमाताई म्हणाल्या, "तिकडं कुठं? चौथा गडी पाह्यजे. बसा."

"मले कुठं येते?"

"म्हनूनच बसा."

चिंतामणराव मांडी घालून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोबरोबर ते कधी काही खेळले नव्हते. त्यांना दान मोजता येईना, सोंगटी कोणत्या वाटेनं न्यायची कळेना. तरी कशीबशी एक सोंगटी फिरून घराच्या तोंडाशी आली, आणि त्यांनी विजयी मुद्रेनं अर्जुनरावांकडं पाहिलं. प्रतिमाताईंनी कवड्या हातात घेतल्या, खुळखुळवल्या आणि टाकल्या. हवं तेच दान पडलं. त्यांनी नवऱ्याची सोंगटी उचलून पटाबाहेर ठेवली आणि मान मागं टाकून खदाखदा हसल्या. ते हसू दारातून बाहेर गेलं, रस्त्यावर गेलं, आणि पुष्पाबाई त्यांच्याकडं पाहूनच हसत सुटल्या.

चिंतामणराव नुसते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाची एकही खूण नव्हती.

"पाहून काय राह्यले?" प्रतिमाताई डोळे पुसत म्हणाल्या. "हारलेल्यानं चहा कराचा असते. आमच्या लोणारची रीत हाय."

"साऱ्याइचा?"

"साऱ्याइचा. अन् माह्यात साखर कमी."

चिंतामणराव उठले आणि शेगडी पेटवायला गेले.